रिपोर्टवर तारा नव्हता

मुलगा तीन दिवसांचा असताना आलेला तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. ‘फेरिटिन 28’, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, आणि शेजारच्या रकान्यात नेहमीची मर्यादा, 13 ते 150. मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे प्रयोगशाळा एक तारा छापते. हिमोग्लोबिनपुढे तारा होता, पण तो जास्त असल्याचा : 22. फेरिटिनपुढे काहीच नव्हतं. नवऱ्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “चला, लोहाचं तरी व्यवस्थित आहे.”

माझाही समज तोच झाला. मी हिशेबनीस आहे. आकडा मर्यादेत बसला की पुढच्या ओळीकडे वळायची सवय हाताला लागलेली असते.

गरोदरपणात मला मधुमेह निघाला होता. शेवटचे तीन महिने इन्शुलिन घेतलं, बोटाला सुई टोचून टोचून वही भरली, तरी साखर मधूनमधून हाताबाहेर जायचीच. 38 व्या आठवड्यात सिझेरियन झालं. बाळ 4 किलो 100 ग्रॅम. गुटगुटीत, आणि रंग असा लालबुंद की सासूबाई म्हणाल्या, “बघ, रक्त कसं सळसळतंय अंगात!” पहिल्या तासात त्याची साखर खाली गेली म्हणून त्याला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. तिथे कळलं की रक्त सळसळत वगैरे नव्हतं. उलट ते दाट झालं होतं. हिमॅटोक्रिट 67, म्हणजे रक्ताच्या शंभर भागांत 67 भाग नुसत्या तांबड्या पेशी. नवजात बाळाच्या शिरेतल्या रक्तात 65 च्या पुढे हा आकडा गेला की डॉक्टर सावध होतात. सलाइन लावलं, लक्ष ठेवलं, पुढचे उपाय करावे लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली आणि स्वारी डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली गेली.

काविळीसाठी रक्त घ्यायचंच होतं, त्यातच नवजात तज्ज्ञ डॉक्टरांनी फेरिटिन सांगितलं. हे त्यांनी आपणहून केलं. सगळ्या बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन जी तपासणी होते, तिच्यात लोहाचा साठा मोजत नाहीत. त्यांना सुचलं नसतं तर मी ही हकीकत लिहायला बसलेच नसते, आणि मुलगा ‘तब्येतीने दणकट’ म्हणून घरी गेला असता.

संध्याकाळी त्या फेरीला आल्या. कागद पाहिला आणि पेनने 13 ते 150 वर सरळ काट मारली. “ही मोठ्या बाईची मर्यादा छापली आहे,” त्या म्हणाल्या. “तीन दिवसांच्या बाळाला ही लावायची नसते. 28 म्हणजे साठा जवळजवळ संपलेला आहे.”

मी विचारलं, हिमोग्लोबिन तर 22 आहे, मग लोह कमी कसं? त्यांनी कागद उलटा करून मागच्या बाजूला चित्र काढलं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्शुलिन जास्त तयार करतं, साखर जोरात जाळतं आणि त्यासाठी त्याला प्राणवायू जास्त लागतो. तो पुरेसा मिळाला नाही की शरीर तांबड्या पेशी वाढवायच्या मागे लागतं. पेशी वाढवायच्या म्हणजे लोह हवं. वार तितक्या वेगाने लोह पुरवू शकत नाही, मग ते घरातूनच काढलं जातं : आधी यकृतातला साठा, मग स्नायू आणि हृदय, मग मेंदू. रक्ताचा वाटा सगळ्यांत शेवटी तुटतो.

“म्हणजे रक्तक्षय दिसेपर्यंत वाट पाहिली तर मेंदूच्या वाट्याचं आधीच गेलेलं असतं?”

“बरोबर.”

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी हिशेब मांडला. दिवस भरलेल्या बाळाच्या अंगात किलोमागे साधारण 75 मिलिग्रॅम लोह असतं असं त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या. 4.1 किलोला झाले सुमारे 307 मिलिग्रॅम. रक्त किलोमागे 85 मिली धरलं तर 350 मिली. 22 च्या हिमोग्लोबिनने त्यात 77 ग्रॅम हिमोग्लोबिन बसतं, आणि एका ग्रॅममध्ये 3.4 मिलिग्रॅम लोह. म्हणजे 262 मिलिग्रॅम एकट्या रक्तात अडकलेलं. हिमोग्लोबिन 17 असतं तर तिथे 202 वर काम भागलं असतं. वरचे 60 मिलिग्रॅम दुसऱ्या खात्यांतून वळते झाले होते. हिशेब ढोबळ होता, पण ताळेबंद पाहिल्यासारखं वाटलं. रोकड पेटीत ओसंडून वाहतेय आणि बाकीच्या खात्यांवर खडखडाट. आमच्या धंद्यात अशी पुस्तकं पाहिली की आम्ही मालकाचं अभिनंदन करत नाही, व्हाउचर मागतो.

सकाळी तो कागद डॉक्टरांना दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आता पुढची ओळ लिहा. जादा पेशी मोडायला लागल्या आहेत, कावीळ त्याचीच आहे. मोडलेल्या पेशीतलं लोह शरीर टाकून देत नाही, परत साठ्यात जमा करतं.” म्हणजे लोह हरवलं नव्हतं, वेगळ्या खात्यावर होतं. म्हणूनच त्यांनी लगेच औषध सुरू केलं नाही. मला हे पटायला जड गेलं. तिसऱ्या दिवशी सापडलं म्हणायचं आणि सहा आठवडे थांबा म्हणायचं! पण त्यांचं म्हणणं असं की इवल्या बाळाच्या अंगात गरज नसताना ओतलेलं लोहही निरुपद्रवी नसतं. आत्ता काय करायचं? कुठली तपासणी कधी, ते आजच ठरवायचं आणि एकही चुकवायची नाही.

त्यांनी दिलेलं वेळापत्रक छोटंसं होतं. सहा आठवड्यांनी फेरिटिन, हिमोग्लोबिन आणि ‘रेटिक्युलोसाइट हिमोग्लोबिन’. तीन महिन्यांनी कानाची बेरा तपासणी. मग 4, 9, 12, 18 आणि 24 महिन्यांना विकासाची तपासणी. यातलं रेटिक्युलोसाइटचं नाव मी प्रथमच ऐकत होते. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. त्यांच्यात किती हिमोग्लोबिन भरलं गेलंय हे पाहिलं की गेल्या दोन-चार दिवसांत कारखान्याला कच्चा माल पुरतोय की नाही ते कळतं. एरवीचं हिमोग्लोबिन जुन्या-नव्या सगळ्या पेशींची सरासरी दाखवतं, त्यामुळे ते उशिरा बोलतं. रक्त वेगळं द्यावं लागत नाही, नेहमीच्याच नमुन्यावर होतं; फक्त यंत्रात ती सोय हवी. आम्हाला ती सोय असलेली प्रयोगशाळा शोधावी लागली.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. बाळंतपणात वाचू नये असं सगळे सांगत होते, आणि काही बाबतींत त्यांचं खरंच होतं. 2004 मधला एक अभ्यास वाचला तो दिवस मी विसरणार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेही आयांच्या नवजात बाळांच्या डोक्याला संवेदक लावले, आणि त्यांना एकदा आईचा, एकदा अनोळखी बाईचा आवाज ऐकवला. ज्यांचा साठा पुरेसा होता त्यांच्या मेंदूच्या लहरींत दोन आवाजांसाठी फरक उमटला. ज्यांचं फेरिटिन 34 च्या खाली होतं त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. अभ्यासातली बाळं थोडकी होती, आणि लहरींत फरक न दिसणं म्हणजे आईला न ओळखणं नव्हे, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र मी पाळण्यापाशी उभी राहून त्याला हाका मारत बसले. तो जांभई देऊन झोपला.

लोह मेंदूत नेमकं करतं काय, हेही तेव्हाच उमगलं. मज्जातंतूंवर चरबीचं आवरण चढतं, त्यामुळे संदेश वेगाने धावतात. ते आवरण चढवणाऱ्या पेशींना लोह लागतं. आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग जन्माच्या आसपास झपाट्याने वाढत असतो, त्याला लोह लागतं. डोपामिन तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं. आणि हे सगळं काम ठरलेल्या वेळीच चालतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेट्सी लोझोफ यांनी कोस्टा रिकात पाहिलेल्या मुलांची गोष्ट याच मुद्द्यावर येते. तान्ह्या वयात लोहाची तीव्र कमतरता झालेल्या त्या मुलांना औषध दिलं गेलं, रक्त सुधारलं, पण पाच वर्षांची झाल्यावर ती चाचण्यांमध्ये बरोबरीच्या मुलांच्या मागेच होती. तो निबंध 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. अलाबामातल्या एका गटाने 2002 मध्ये नाळेच्या रक्तातलं फेरिटिन आणि पाच वर्षांच्या वयातली प्रगती ताडून पाहिली. 76 च्या खाली असलेली मुलं भाषेत आणि बोटांच्या बारीक कामांत कमी पडलेली दिसली. माझ्या मुलाचा आकडा त्याच्याही निम्म्याच्या खाली होता. फक्त त्यावर तारा नव्हता.

नाळेबद्दल थोडा राग होता, तोही सांगून टाकते. बाळ लगेच रडलं नाही म्हणून माझ्या वेळी नाळ झटपट कापली होती. स्वीडनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन मिनिटं थांबून नाळ कापलेल्या बाळांपैकी 0.6 टक्क्यांना चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता होती, दहा सेकंदांत कापलेल्यांपैकी 5.7 टक्क्यांना. हे वाचून मी तावातावाने डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. सर्वसाधारण बाळासाठी निदान एक मिनिट थांबावं हे योग्यच, असं म्हणाल्या; पण न रडणाऱ्या बाळाला आधी श्वास द्यायचा असतो, आणि आधीच 67 असलेल्या रक्तात आणखी भर पडली असती तर तोही प्रश्नच होता. राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. तो तसाच राहिला, मग कधीतरी विरला.

सहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन 13 वर आलं होतं. ही घसरण अपेक्षित होती. फेरिटिन 28 चं 90 झालं. मी खूश, डॉक्टर नव्हत्या. पेशी मोडून लोह परत येण्याच्या या काळात साठा याहून बराच वर जायला हवा, म्हणाल्या. कोवळ्या पेशींतलं हिमोग्लोबिनही त्यांना हवं त्याहून कमी भरलं. थेंब सुरू झाले, किलोमागे रोज 2 मिलिग्रॅम लोह. वजन पाच किलोच्या जरा वर, म्हणजे दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅम, बाटलीतलं एक मिली. (हा आमच्या बाळाचा, आमच्या डॉक्टरांनी ठरवलेला डोस होता, कुणी इथून उचलू नये.)

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर शेजारी एक बाई होती. तिचं बाळ मुठीएवढं, जन्माचं वजन सव्वादोन किलो, आणि माझं मांडीत न मावणारं. दोघींच्या हातात थेंबांची एकाच नावाची चिठ्ठी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्या बाळाला कशाला?” मी म्हटलं, “तेच मी महिनाभर विचारतेय.” तिच्या बाळाचं कारण सरळ होतं. लोहाचा बहुतेक साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. बाळ लवकर आलं किंवा आत असताना वाढ खुंटली तर पिशवी अर्धीच भरते, वर वाढ मात्र वेगाने. दोन ते अडीच किलोच्या बाळांवर स्वीडनमध्येच झालेला अभ्यास मी तिला नंतर पाठवला. सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत लोह न मिळालेल्या गटात साडेतीन वर्षांच्या वयात वागणुकीच्या अडचणी 12.7 टक्के मुलांत दिसल्या, लोह मिळालेल्यांत तीन टक्क्यांच्या आत. शिवाय एनआयसीयूत तपासण्यांसाठी तिच्या बाळाचं रक्त सारखं काढलं गेलं होतं. सव्वादोन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम दोनशे मिली. त्यातून दर वेळी मिली-दोन मिली गेलं तरी ते लोहच गेलं.

थेंब देणं हे वेगळंच प्रकरण निघालं. शी काळी होते, हे सांगितलेलं असूनही पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला हाक मारली ती घर हादरेल अशी. चव वाईट, अर्धं औषध लाळेबरोबर दुपट्यावर, आणि तो डाग कशाने निघत नाही. ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू सोडायचं हे तंत्र जमायला आठवडा गेला. पुढे दात आले तेव्हा तेही करडे दिसायला लागले. ते वरवरचं असतं, पुसून काढता येतं.

तिसऱ्या महिन्यात मात्र थोडक्यात वाचलो. पहिली बाटली संपली, नवऱ्याने दुसरी आणली. नाव जवळपास तेच, खोकं तसंच. तेव्हा आम्ही 1.2 मिली देत होतो. रात्रीची वेळ, मी ड्रॉपर भरला, आणि का कोण जाणे लेबल वाचलं. लेबलावर दोन आकडे असतात : एक क्षाराचा, एक त्यातल्या शुद्ध लोहाचा. डोस दुसऱ्या आकड्यावर मोजायचा. पहिल्या बाटलीत मिलीमागे लोह 10 मिलिग्रॅम होतं, हिच्यात 25. त्या दिवशी 12 ऐवजी 30 मिलिग्रॅम गेलं असतं. एका दिवसाने कदाचित फार बिघडलं नसतं, पण बाटली महिनाभर चालते. आणि लोहाची बाटली लहान मुलाच्या हाती लागून ती पूर्ण पोटात गेली तर जिवावर बेततं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. तेव्हापासून ती कुलपात, आणि बाटलीवर माझ्या अक्षरात मोठा आकडा.

बेरा तपासणीबद्दलही लोक गोंधळतात. जन्मानंतर दोन दिवसांत झालेली कानाची तपासणी तो पास झाला होता, मग पुन्हा कशाला? ती पहिली तपासणी कानातल्या शंखापर्यंतच पाहते. बेरात कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत संदेश पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात, म्हणजे त्या चरबीच्या आवरणाचीच परीक्षा. चिलीमध्ये 1998 साली लोहाअभावी रक्तक्षय झालेल्या सहा महिन्यांच्या बाळांत हा वेळ जास्त भरला होता, आणि उपचारानंतर वर्षभरानेही तो फरक टिकून होता. आमच्या मुलाचे आकडे मर्यादेत, पण मंद बाजूला निघाले. ‘मर्यादेत’ या शब्दावर माझा विश्वास उरलेला नव्हता, म्हणून मी विचारलं, मर्यादा कोणाची? “तीन महिन्यांच्या बाळाची,” तपासणारी मुलगी जराशी दुखावून म्हणाली.

चौथ्या महिन्यात फेरिटिन 140 आलं. घरात आनंद, औषध बंद करायची बोलणी सुरू. डॉक्टरांनी विचारलं, “सर्दी-ताप होता का?” होता, आदल्याच आठवड्यात. अंगात जंतुसंसर्ग असला की फेरिटिन आपोआप वर चढतं, साठा असो वा नसो. सोबतच केलेली सीआरपी, म्हणजे अंगातला संसर्ग-दाह दाखवणारी तपासणीही वाढलेली होती. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर 38. थेंब चालूच राहिले. सहाव्या महिन्यापासून लोह असलेलं वरचं अन्न सुरू झालं, गाईचं दूध वर्ष होईपर्यंत नाही.

बाराव्या महिन्यात आकडे स्थिर दिसले आणि त्यांनी औषध थांबवलं. मी म्हटलं, अजून थोडे दिवस देऊया ना, नुकसान काय? तेव्हा त्यांनी चिलीतलाच दुसरा अभ्यास सांगितला, 2012 चा. तान्हेपणी जास्त लोहाचं दूध मिळालेल्या मुलांपैकी ज्यांचं हिमोग्लोबिन सहाव्या महिन्यात मुळातच चांगलं होतं, ती दहाव्या वर्षी चाचण्यांत मागे पडलेली आढळली. बाटली कुलपातून काढून परत दिली.

त्याच भेटीत विकासाच्या तपासणीतली आठवणीची परीक्षा झाली. टेबलापलीकडे बसलेल्या बाईंनी एका भांड्यात चेंडू टाकला, त्यावर दुसरं भांडं उपडं घातलं आणि खुळखुळा वाजवावा तसं ते हलवलं. मुलाने लगेच तसंच केलं. मग दहा मिनिटं त्याला दुसरं खेळायला दिलं आणि तीच भांडी पुन्हा समोर ठेवली, काही न सांगता. लोहाच्या कमतरतेत ही मधली दहा मिनिटंच महत्त्वाची. नक्कल लगेच जमते, आठवून करताना अडतं. त्याने चेंडू टाकला. मग थांबला. भांडं उचललं, टेबलावर आपटलं, माझ्याकडे बघून हसला. माझा हात नकळत पुढे गेला. “आई, हात मागे,” बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते नंतर कळलं : तीनपैकी एक पायरी आठवली, वयाच्या मानाने थोडी कमी, लक्ष ठेवावे. मग घरी आमचा रोजचा खेळच झाला. काहीतरी करून दाखवायचं, मध्ये वेळ जाऊ द्यायचा, पुन्हा तीच वस्तू समोर ठेवायची. अठराव्या महिन्यात दोन पायऱ्या. चोविसाव्या महिन्यात चार पायऱ्यांतल्या तीन क्रमाने केल्या आणि चौथीच्या जागी चेंडू स्वतःच्या सदऱ्यात लपवला. तो गुण द्यायचा की नाही यावर तपासणाऱ्या दोघी बाई थोडा वेळ बोलत होत्या. पुढची तारीख शाळेच्या आधीची आहे, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर. भाषा, बोटांचं काम आणि पुन्हा एकदा बेरा.